कष्टाच्या घरातील आनंद : बहिणाबाई चौधरी



कायक आणि दासोह हे दोन शब्द आपण नित्य उच्चारतो. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम, आणि त्या श्रमातून जे मिळेल ते विनम्रभावाने इतरांच्या कामी लावणे म्हणजे दासोह. एवढा अर्थ मठात येणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असतो. परंतु जिच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कडेवर मूल आहे आणि चुलीवर आधण आहे, त्या माउलीचे कायक कोणते आणि तिचा दासोह कोणता, याचे चिंतन आपल्याकडून क्वचितच घडते. पंक्तीला वाढणाऱ्या हातांचे आपण कौतुक करतो. रात्री दोन वाजता उठून आजाऱ्याची कूस बदलणारे हात मात्र कोणाला दिसत नाहीत.

दमणगंगेच्या काठी वसलेल्या सिल्वासा गावाचे उदाहरण घेऊ. पोर्तुगीजांच्या ताब्यातून हे गाव २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले. पुढे तेथे कारखाने उभे राहिले आणि पोटापाण्यासाठी महाराष्ट्रातूनही पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. अशा घरातील कर्ता पुरुष आज दिवसपाळीला, तर उद्या रातपाळीला असतो. गावाकडे असते तशी जाऊ, नणंद, चुलती हाताशी नसते. सासऱ्यांचे औषध, सासूबाईंचे पथ्य, मुलांची शाळा, नवऱ्याचा डबा हे सारे एकाच बाईच्या अंगावर येते. अशी भगिनी वचनचिंतनाला घटकाभर येऊन बसते तेव्हा तिच्या मनात एक प्रश्न असतो. शरणांनी आनंदाची वाट सांगितली हे खरे, पण माझे काम संपेल तेव्हा मी त्या वाटेने जाणार ना? आणि माझे काम तर संपतच नाही.

हा प्रश्न खरा आहे. त्याला उपदेशाचे उत्तर देण्यापेक्षा एका बाईचे चरित्र सांगणे अधिक बरे. म्हणून या अंकी खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जीवन थोडक्यात पाहू. तुकाराम महाराजांच्या शिष्या असलेल्या संत बहिणाबाई वेगळ्या. त्या सतराव्या शतकातल्या, आणि या आपल्या आजी-पणजीच्या काळातल्या. या बहिणाबाई इष्टलिंगधारी नव्हत्या. शेतकरी लेवा समाजात त्यांचा जन्म झाला आणि त्याच समाजाच्या चालीरीतींत त्या वाढल्या. तरीही कायकाचा अर्थ ज्यांना आपल्या आयुष्यातून उमगला, अशांत त्यांची गणना करावी लागेल.

माहेर आणि सासर

जळगावजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तेथील उखाजी महाजन आणि भिमाई या दांपत्याच्या पोटी १८८० साली नागपंचमीच्या दिवशी बहिणाबाईंचा जन्म झाला. घर भरलेले होते. घमा, गना, घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या तीन बहिणी. काळ्या कसदार जमिनीचा तो मुलूख, कपाशीचा आणि ज्वारीचा. त्या काळी शेतकऱ्याच्या मुलीला पाटी-पेन्सिल कोण देणार? बहिणाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि अखेरपर्यंत आले नाही. त्यांची शाळा म्हणजे शेत, गोठा, विहीर आणि जाते.

तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. जळगावचे नथुजी खंडेराव चौधरी हे त्यांचे यजमान. माणसांनी गजबजलेला वाडा आणि तेरा वर्षांची सून, म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय असेल याची कल्पना जुन्या पिढीतील वाचकांना सहज येईल. सासर आणि माहेर यांत अंतर थोडे होते, पण सासुरवाशिणीला ते थोडे अंतरही महिनोन्महिने ओलांडता येत नसे. म्हणूनच त्यांच्या गाण्यांत माहेरची वाट पुन्हा पुन्हा येते. त्या वाटेवरचे दगडधोंडेसुद्धा त्यांना जिव्हाळ्याचे वाटतात.

त्यांच्या एका गाण्यात दारी आलेला योगी सासुरवाशिणीला विचारतो, की माहेर एवढे गोड आहे तर तू सासरी परत येतेसच कशाला? ती जे उत्तर देते त्याचा भावार्थ असा, की मी येथे टिकून राहिले तरच उद्या माझ्या मुलीला हक्काने येऊन विसावण्याची जागा राहील. घरासाठी राबणारी बाई कशाच्या बळावर राबते हे योग्याला ठाऊक नव्हते. ते या न शिकलेल्या बाईला ठाऊक होते.

वैधव्य आणि प्लेग

बहिणाबाईंना तीन अपत्ये झाली. काशी ही मुलगी, ओंकार आणि सोपान हे मुलगे. १९१० च्या सुमारास नथुजी वारले. बहिणाबाईंचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. सोपान अगदी लहान होता. त्या काळातील वैधव्य म्हणजे केवळ पतिवियोग नव्हे. कुंकू गेले, बांगड्या गेल्या, समारंभातील जागा गेली, आणि पैशाची ओढाताण मागे लागली.

या प्रसंगावर त्यांनी जे गाणे रचले ते वाचून मन थक्क होते. लोक येऊन रडत असता ही बाई त्यांनाच धीर देते. बांगड्या फुटल्या, तरी मनगटातील बळ कोणी फोडलेले नाही, असा तिचा आशय आहे. दुसऱ्या एका गाण्यात दारात आलेल्या ज्योतिष्याला त्या परत पाठवतात. माझे दैव मला कळून चुकले आहे, ते तुझ्या पोथीत शोधू नकोस, असे त्यांचे म्हणणे. मुहूर्त, शकुन आणि ग्रहदशा यांच्या धाकातून महात्मा बसवेश्वरांनी आपल्याला बाराव्या शतकात सोडवले. तेच धैर्य जळगावच्या एका विधवेच्या ठायी, कोणत्याही ग्रंथाच्या आधाराविना, उभे राहिलेले दिसते.

एवढ्यावर दुःख थांबले नाही. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढे कित्येक वर्षे गावोगाव फिरत राहिला. खानदेशही त्यातून सुटला नाही. ओंकारला प्लेगने गाठले. जीव वाचला, परंतु त्याला कायमचे अपंगत्व आले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. आजार येतो आणि जातो तेव्हा घर काही दिवस जागते आणि मग पूर्ववत होते. पण ज्या दुखण्याला शेवट नाही, त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती निराळ्याच वाटेने चालत असते. आज बरे वाटेल, उद्या बरे वाटेल, ही आशा तिला सोडून द्यावी लागते, आणि आशा सोडूनही हात मात्र थांबवता येत नाहीत. नवरा नाही, एक मुलगा अधू, एक लहान, मुलगी उजवायची, शेतीचे काम डोक्यावर. बहिणाबाईंच्या आयुष्याची पुढची चाळीस वर्षे ही अशी होती.

गाणे कोठून आले?

अशा घरात गाण्याला जागा कोठून मिळाली? उत्तर जात्यापाशी आहे.

ज्या घरात पिठाची गिरणी पोहोचली नव्हती त्या घरात रोजचे पीठ रोज दळावे लागे. पहाटेच्या अंधारात बाई जात्याशी बसे. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ वैरण घालायची. हे काम टळणारे नव्हते. त्यात हात गुंतलेले असत, पण जीभ मोकळी असे आणि मन मोकळे असे. जात्याच्या फेऱ्याला एक ठेका असतो. त्या ठेक्यावर ओवी बसते. गाण्यासाठी बहिणाबाईंनी वेगळा वेळ काढला नाही, कारण तो नव्हताच. जो वेळ कष्टाला द्यायचा होता त्यातच त्यांनी गाणे ओवले.

आणि त्या गाण्यात काय असे? जे डोळ्यांसमोर होते तेच. झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा पाहून, एवढ्याशा चोचीने हे घर कसे विणले, याचे त्यांना नवल वाटे. खळ्यावर धान्य उफणायचे असे तेव्हा वारा पडलेला असायचा, मग त्या वाऱ्यालाच साद घालीत. पेरणी, कापणी, मळणी, विहिरीवरची मोट, आखाजीचा सण, पोळ्याचे बैल हे त्यांचे विषय. संसार कसा असतो हे सांगायला त्यांना पुराणातील दृष्टांत लागला नाही, चुलीवरचा तवा पुरला. मन कसे असते हे सांगायला त्यांना उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणारे ढोर आठवले. ज्या प्लेगने मुलाला अधू केले त्या प्लेगवरही त्यांनी गाणे रचले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्या बहिणाबाईंनी जळगावच्या छापखान्यावरही गाणे रचले!

आता यातील मर्म पाहावे. सुगरणीच्या खोप्याने ओंकारचे अपंगत्व गेले नाही. खळ्यावरच्या वाऱ्याने कर्ज फिटले नाही. बहिणाबाईंनी दुःख नाकारले नाही, ते गाण्यातही लपवले नाही. पण दुःख आहे म्हणून खोपा पाहायचा नाही, असा दंडक त्यांनी स्वतःला घातला नाही. घरात आजारी माणूस असले की पुष्कळ बायांना हसण्याचीही चोरी वाटते. कोणी काय म्हणेल, आणि आपलेच मन काय म्हणेल! बहिणाबाईंच्या चरित्रातून घ्यायचा पहिला बोध हा, की असा आनंद म्हणजे कर्तव्यात केलेली कसूर नव्हे. त्याच्या बळावर दुसऱ्या दिवशीचे कर्तव्य उभे राहते.

आपल्या शरणींचे स्मरण येथे होते. कदिरे रेम्मव्वा सूत कातीत, आणि चातीवरच्या त्या सुतातून त्यांना अनुभाव गवसला. कोट्टणद सोमव्वा भात कांडीत. आयदक्की लक्कम्मांच्या घरी वेचून आणलेल्या तांदळाचा दासोह चाले. यांपैकी कोणी काम टाकून वनात गेले नाही. काम हेच त्यांचे आसन होते. कायकातच कैलास पाहावा ही शिकवण पुस्तकात वाचली तर कोरडी वाटते. सूतकताईजवळ किंवा जात्याजवळ बसून पाहिली की ती ओली होते.

ऐकणारे कान

परंतु चरित्र येथे संपवले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. बहिणाबाईंनी गाणी रचली हे आपल्याला आज कळले कसे? त्यांना लिहिता येत नव्हते. गाणे जात्याशी जन्मायचे आणि जाते थांबले की हवेत विरून जायचे.

सोपान शाळेत जाऊ लागला होता. एकदा त्याने पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर आईने त्या कथेचे गाणे केलेले! मुलगा चकित झाला. त्याने वही घेतली आणि आई गाईल ते उतरवून ठेवू लागला. त्यांचे मावसबंधू पीतांबर चौधरी यांनीही अशीच गाणी टिपली. ऐकणारे हे दोघे होते म्हणून काही गाणी राहिली. कोणी जवळ नसताना गायलेली कितीतरी गाणी कायमची गेली.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे निवर्तल्या. सोपानदेव एव्हाना स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले होते. आईच्या पश्चात त्यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी हे धन ओळखले, ते प्रसिद्ध झालेच पाहिजे असा आग्रह धरला आणि प्रस्तावना लिहिली. १९५२ साली बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आली. १९६१ च्या मानिनी चित्रपटामुळे ती घराघरांत गायिली जाऊ लागली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे नाव आज हजारो पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर आहे.

योगायोग पाहा. ज्या १८८० साली बहिणाबाई जन्मल्या त्याच साली धारवाड येथे फ. गु. हळकट्टी यांचा जन्म झाला. विजापूरच्या या वकिलाने घरोघरी जाऊन वचनांच्या ताडपत्री पोथ्या गोळा केल्या, १९२३ साली वचनशास्त्रसाराचा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि छापखान्यासाठी राहते घरही विकले. शतकानुशतके देवघरातील फडक्यात बांधलेला शरणांचा आवाज या एका माणसाने पुन्हा लोकांच्या कानी घातला. शरणींनी सूत कातताना, भात कांडताना जे अनुभवले ते आपल्यापर्यंत पोहोचले, कारण कोणीतरी ते आधी ऐकले, मग लिहिले आणि मग जपले. कायक करणाऱ्याइतकाच त्याचे ऐकून घेणाराही धर्माचे काम करीत असतो, हे आपण विसरू नये.

आपल्या घरात

आता सिल्वासाच्या त्या भगिनीकडे परत वळू. तिला काय सांगावे?

ताई, काम संपल्यावर आनंद येईल अशी वाट पाहू नका. काम संपत नाही हे बहिणाबाईंनाही ठाऊक होते. आज जाते नाही, पण कुकरच्या शिट्ट्या मोजताना, सासऱ्यांच्या पायाला तेल लावताना, दवाखान्याच्या बाकावर क्रमांकाची वाट पाहताना हात गुंतलेले असले तरी मन थोडे मोकळे असते. त्या मोकळ्या जागेत काहीतरी येऊ द्या. खिडकीतल्या तुळशीला फुटलेला तुरा असेल, पावसाळ्यात फुगलेली दमणगंगा असेल, सासूबाईंना अचानक आठवलेली त्यांच्या माहेरची एखादी गोष्ट असेल. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही आणि पैसाही लागत नाही. आणि तसे हसू आले तर ते दाबू नका.

परंतु एवढेच सांगून उठणे हा अन्याय होईल. बहिणाबाईंचे गाणे पुढे करून घरातील एकाच बाईवर सारा भार टाकणे, आणि ती गात नाही म्हणून तिलाच दोष देणे, हे शरणांच्या शिकवणीत बसत नाही. आयदक्की मारय्यांनी गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकायला लावले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्या कथेत पती वेचतो, पत्नी रांधते, आणि बोलण्याचा अधिकार दोघांना सारखा आहे. कायक वाटून घ्यायचे असते. रातपाळी करून आलेल्या पुरुषाला झोप हवी हे मान्य, पण सुट्टीच्या दिवशी वडिलांना अंघोळ घालणे, औषधाची वेळ सांभाळणे, आईशेजारी बसून राहणे ही कामे पुरुषाच्या हातांना जड नाहीत. तेवढा वेळ तरी घरातल्या माउलीला उन्हात निवांत बसता येईल.

याहून सोपी गोष्ट म्हणजे ऐकणे. घरातील राबणारी बाई दिवसभरात काही गुणगुणते, काही सांगू पाहते, एखादी गंमत तिच्या ओठावर येते आणि समोरचा माणूस मोबाईलमध्ये डोके घालून बसलेला पाहून परत जाते. सोपानजवळ फक्त एक वही होती. आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये तर आवाजही टिपून ठेवता येतो. आजीची ओवी, आईने सांगितलेली गोष्ट, आजारी सासऱ्यांच्या उशाशी बसून सुनेने म्हटलेले वचन यांतले एखादे तरी टिपून ठेवावे. ते जगप्रसिद्ध होणार नाही. त्याची आवश्यकताही नाही. आपले कोणी ऐकले, एवढ्याने कष्टणाऱ्या जिवाला उभारी येते.

जुन्या जळगावातील ज्या चौधरी वाड्यात बहिणाबाई नांदल्या, तेथे आज त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. कधी त्या बाजूला जाणे झाले तर तेथे अवश्य जावे. तोवर आपल्याच स्वयंपाकघरापर्यंत जावे. तेथे कोणी काम करीत असेल. त्यांच्याजवळ पाटावर बसावे, भाजी निवडायला घ्यावी आणि विचारावे, की आज काय पाहिले, आज कशाचे हसू आले? आणि मग उत्तर पुरे होईपर्यंत उठू नये.

शरणु शरणार्थी.